लुई माल आणि कॅलिप्सो: सिनेमात येण्याआधीची दर्यावर्दी वर्षं

सागरगोटा

नमस्कार मंडळी.

फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचं नाव आपल्याकडे निघतं ते दोन कारणांनी. सिनेमावाल्यांना त्याचा पहिला कथापट आठवतो, ज्यासाठी डिसेंबर १९५७मध्ये माइल्स डेव्हिसने पडद्यावरची दृश्यं बघत एका रात्रीत ट्रम्पेट वाजवून दिली. बाकीच्यांना आठवते ती त्याची भारतावरची मालिका, जिच्यावरून १९७०मध्ये आपल्या सरकारने बीबीसीला दिल्लीतलं ऑफिस बंद करायला लावलं. त्या पहिल्या कथापटाआधीची तीनेक वर्षं हा माणूस कॅलिप्सो नावाच्या बोटीवर समुद्रात होता, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं.

मला त्याच वर्षांबद्दल लिहायचंय. माझं म्हणणं असं की भारतात कसलाही आराखडा न घेता दोन सहकाऱ्यांनिशी हिंडणारा माल त्या बोटीवर तयार झाला. तिथे जे हाताला लागलं त्यामुळे, आणि तिथे चालायचं ते पुढे त्याने सोडून दिलं त्यामुळेही. पटत नसेल तर खाली भांडायला जागा आहेच.

जन्म ३० ऑक्टोबर १९३२, उत्तर फ्रान्समधलं थ्युमरी. आई बेगँ घराण्यातली, म्हणजे साखर कारखानदारांची लेक. पैशाला कमी नव्हती, पण पोरगं सिनेमात जाणार म्हटल्यावर घरच्यांच्या कपाळाला आठ्या. पॅरिसमध्ये राज्यशास्त्राला नाव घातलं आणि तिथून निसटून हा ईदेक या फिल्म संस्थेत गेला. १९५३च्या उन्हाळ्यात जाक-ईव्ह कूस्तोला बोटीवर हाताखाली तिथला एखादा विद्यार्थी हवा होता. वीस वर्षांचा माल सुट्टीपुरता गेला, तो राहिलाच.

कूस्तो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, फ्रेंच आरमारातला अधिकारी. एमील गान्यां या इंजिनिअरबरोबर १९४३मध्ये त्याने ॲक्वालंग बनवलं आणि पाणबुड्याची वरून येणाऱ्या हवेच्या नळीपासून सुटका केली. कॅलिप्सो ही मुळात युद्धकाळात अमेरिकेत बांधलेली, ब्रिटिश आरमाराने वापरलेली सुरुंग काढणारी बोट. युद्ध संपल्यावर ती माल्टा ते गोझो प्रवासी फेऱ्या मारायची. गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने ती १९५०मध्ये विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक भाड्याने कूस्तोला दिली. कूस्तोने तिच्या नाकाखाली, पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली, काचेच्या खिडक्यांची एक लोखंडी कोठडी बसवून घेतली. बोट चालू असताना आत पालथं पडून पुढचं पाणी बघता यायचं, चित्रित करता यायचं. फिल्म शाळेतल्या पोराला याहून वेगळा वर्ग कुठे मिळाला असता?

बोटीवर मालला सगळंच करावं लागलं. पाण्याखाली कॅमेरा, वर आवाज, परत आल्यावर संकलन. पुढे मुलाखतींतून तो सांगायचा की पाण्याखाली कॅमेरा कसा फिरवायचा याचे नियमच नव्हते, ते आम्हीच करत गेलो. जमिनीवर जी हालचाल करायला क्रेन आणि लांबलचक रूळ लागतात, ती पाण्यात एक माणूस पाय मारत करतो. वर, खाली, माशाच्या मागोमाग खडकाच्या कपारीत, सगळं एका दमात.

१९५४-५५मध्ये भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि सेशेल्सच्या बाजूचा हिंदी महासागर इथे चित्रण झालं. त्यातून ‘द सायलेंट वर्ल्ड’ उभा राहिला. मे १९५६मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी माहितीपटाचं ऑस्कर. दिग्दर्शक म्हणून दोन नावं: कूस्तो आणि माल. माल तेव्हा तेवीस वर्षांचा. माहितीपटाला कानचा तो मान पुन्हा मिळायला २००४ साल उजाडलं.

बाकी प्रतिसादांत लिहितो. एकदम सगळं टाकलं तर कुणी वाचत नाही, अनुभव आहे.

रीळवाली

वा, मस्त धागा. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं वाचून एकदम डोक्यात आलं: त्याच्या पहिल्या कथापटात नटी जान मोरो रात्री पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावरून एकटीच चालत जाते, ते दृश्य. छायाचित्रकार आंरी दकाए. कॅमेरा बाळाच्या ढकलगाडीत ठेवून ढकलत नेला, आणि प्रकाश म्हणाल तर दुकानांच्या काचांमधून येईल तेवढाच. तेव्हा लोक म्हणाले की मोठ्या नटीचा चेहरा असा कुणी दाखवतं का, मेकअप नाही, दिवे नाहीत. पण ते दृश्य पुन्हा बघा. ती चालत नाही, तरंगते. रूळ नाही, धक्का नाही, आजूबाजूची माणसं माशांसारखी येतात नि निघून जातात. हे आधी कधी जाणवलं नव्हतं.

पुढचं लवकर लिहा.

मुक्काम_पोस्ट_बंदर

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

नाखवा

सिनेमातलं मला कळत नाही, बोटीतलं कळतं. व्यापारी जहाजांवर इंजिनात आयुष्य गेलं, म्हणून थोडी भर.

सुरुंग काढणाऱ्या त्या बोटी लाकडी असायच्या, कारण चुंबकी सुरुंग लोखंडाच्या बोटीला ओळखतो. कॅलिप्सोही लाकडी, लांबीला साधारण ४२ मीटर. म्हणजे समुद्राच्या हिशोबाने पिटुकलीच. अशी बोट पाण्यात फार खोल बसत नाही. त्याचा फायदा असा की प्रवाळाच्या कडेपर्यंत जाता येतं, जिथे आमच्यासारख्यांच्या जहाजांनी फिरकायचंही नाही. तोटा असा की भरतं वारं सुटलं की ती हलायला लागते, आणि मग ताटातलं ताटात राहत नाही. मालचं वय आणि पोट दोन्ही चांगली असणार.

दुसरं म्हणजे आखात. १९५४मध्ये कॅलिप्सो तिकडे सिनेमा काढायला गेली नव्हती, तेलासाठी गेली होती. ब्रिटिश तेलवाल्यांनी अबुधाबीसमोरच्या समुद्रतळाची पाहणी कूस्तोला दिली होती. पाणबुड्यांनी खाली उतरून खडकाचे तुकडे तोडून आणायचे, वर भूगर्भवाल्यांनी ते तपासायचे. त्या टापूत १९५८ साली उम्म शैफला तेल लागलं. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचे पगार पुढे त्याच आखातातून आले. कूस्तोचा खर्च तेव्हा असाच निघायचा: तेलवाल्यांचं काम, सरकारी मदत, पुस्तकाचे पैसे.

आणि आखातातला उन्हाळा. इंजिनरूम सोडा, डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्या दमटपणात फिल्मचे डबे सांभाळणं हेच मोठं काम असणार.

तिरपागडा

सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडं विरजण घालतो.

हा सिनेमा आज बघितलाय का कुणी पूर्ण? मी बघितलाय. स्पर्म व्हेलच्या कळपात बोट घालतात. एक पिल्लू पंख्यात सापडतं, पाणी लाल होतं. मग त्याला गोळी घालतात. रक्ताच्या वासाने शार्क जमतात. पिंजरा खाली सोडून शार्क पिल्लाचे लचके कसे तोडतात ते नीट, फुरसतीने चित्रित करतात. आणि एवढं झाल्यावर खलाशांना शार्कचाच राग येतो! गळ टाकून एकेक शार्क डेकवर ओढतात आणि कुऱ्हाडीने ठेचतात. निवेदनात काय, तर दर्यावर्दी माणूस शार्कचा जन्माचा वैरी.

त्याआधी प्रवाळात डायनामाइट. का? तर इथे कुठल्या जातीचे किती मासे आहेत ते मोजायचंय. मोजण्यासाठी सगळे मारले. त्यात तो फुगणारा मासा आहे, अंग फुगवून काठाशी पडलेला, आणि मग हळूहळू त्यातली हवा जाते. कासवांवर बसून रपेट मारतात ते वेगळंच.

याला कानचा सर्वोच्च पुरस्कार. आणि तुम्ही म्हणता तिथे त्याची नजर तयार झाली!

केवडा

तिरपागडा, बाकी सगळं खरं असलं तरी सुरुवातीचं दृश्य विसरू नका. काळ्यानिळ्या पाण्यात पाणबुडे हातात जळत्या मशाली घेऊन खाली उतरतात, आणि प्रत्येक मशालीतून बुडबुड्यांचा पांढरा लोट वर जातो. पाण्यात आग. सत्तर वर्षं होत आली तरी अंगावर काटा येतो.

सागरगोटा

@तिरपागडा, तुम्ही सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नाही आणि मी ते झाकायलाही आलो नाही. मूळ धाग्यात “बोटीवर चालायचं ते पुढे त्याने सोडून दिलं” असं म्हटलंय, ते याबद्दलच.

काळ असा होता, हे म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. डायनामाइटच्या प्रसंगात निवेदक स्वतःच म्हणतो की मासेमारीसाठी असं करणं हा अपराध आहे, पण शास्त्रासाठी दुसरा मार्ग नाही. म्हणजे त्यांना टोचणी होती, आणि त्यावर उत्तरही तयार होतं. तेच मला जास्त खटकतं.

पण व्हेलच्या पिल्लाच्या प्रसंगात कॅमेरा कसा वागतो ते बघा. तो घटना घडायची वाट बघत नाही, बोट स्वतःच घटना घडवते आणि मग कॅमेरा ती टिपतो. हा पूर्ण सिनेमाच तसा आहे. खलाशांचे संवाद, नकाशावर वाकून चर्चा, ‘अचानक’ लागलेले शोध, यातलं बरंच पुन्हा करवून घेतलेलं. असम्प्शन बेटावरचा तो दांडगा ग्रूपर मासा आठवा, झोझो. पाणबुडे बाकीच्या माशांना खायला घालायला लागले की हा मध्ये घुसायचा, शूटिंग होऊच द्यायचा नाही. शेवटी त्यालाच शार्कपासून बचावाच्या पिंजऱ्यात कोंडला! प्रेक्षक हसतात, मीही हसलो. पण जे कॅमेऱ्यासमोर आपणहून येतंय त्याला कोंडायचं आणि जे ठरवलंय ते घ्यायचं, हा कूस्तोचा खाक्या.

आता १९६८चा, भारतात आलेला माल बघा. छायाचित्रकार एतियेन बेकेर, ध्वनिमुद्रक जाँ-क्लोद लॉरो आणि हा, एवढीच माणसं. जानेवारीत आले, काही महिने फिरले, तीसेक तासांचं चित्रण घेऊन गेले. संहिता नाही, आधी ठरवलेला विषय नाही. पहिल्याच भागात निवेदनात तो लोकांच्या कॅमेऱ्याकडे बघण्याबद्दल बोलत राहतो: आम्ही यांना बघतोय का हे आम्हाला? जे समोर आलं ते घेतलं, आणि आपण समोर उभे आहोत म्हणून ते बदललं का, हा प्रश्न सोडला नाही. झोझोला पिंजऱ्यात घालणाऱ्या बोटीवरून हा माणूस इथवर आला, मला त्याचंच कुतूहल आहे.

पाणबुड्या

छंद म्हणून डायव्हिंग करतो, पाण्याखाली थोडीफार फोटोग्राफीही. तांत्रिक बाजू राहिली म्हणून लिहितो.

पाणी रंग खातं. सगळ्यात आधी लाल जातो. आठ-दहा मीटर खाली गेलं की लाल मासा तपकिरी-काळा दिसायला लागतो, आणखी खाली सगळं निळं. म्हणजे त्या प्रवाळाचे रंग सिनेमात दिसावेत यासाठी ते खाली दिवे घेऊन गेले, वर बोटीवर जनरेटर आणि खाली केबल. एक जण कॅमेरा धरणार, दुसरा दिवा, तिसरा केबल ओढणार, आणि तिघांनी एका लयीत पोहायचं. बोलता येत नाही, हातवारे फक्त. रीळवाली म्हणतायत ती तरंगणारी हालचाल फुकट मिळत नाही.

सपाट काचेतून पाण्यात बघितलं की वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. फोकस लावताना नवशिक्याचं डोकं फिरतं. त्यात ३५ मिमी फिल्मचा ४०० फुटी रोळ म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं. संपला की वर या, कॅमेऱ्याची पेटी पुसून कोरडी करा, उघडा, भरा, पुन्हा खाली. आणि शरीर काही रोळाच्या हिशोबाने चालत नाही. खोलवर वेळ घालवला की वर येताना मध्ये थांबावंच लागतं, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सिनेमातच तो प्रसंग आहे: एक जण घाईने वर येतो, सांधे दुखायला लागतात आणि त्याला डेकवरच्या दाबाच्या टाकीत बंद करतात. बाकीचे जेवायला बसतात.

एवढ्या त्रासात माणूस विनाकारण बटण दाबत नाही. आधी बघतो, ठरवतो, मग चालू करतो. मालची शिस्त आली असेल तर इथून, असं मला वाटतं. कूस्तोचा खाक्या वगैरे नंतरचं.

आणि त्याचं डायव्हिंग संपलं ते कानांमुळे. दहा मीटरला बाहेरचा दाब दुप्पट होतो. कान मोकळे करत उतरायचं असतं. सर्दी असली किंवा घाई केली तर पडदा फाटतो. मालचे कानाचे पडदे असेच गेले. त्यानंतर कॅमेरा घेऊन खाली जाणं बंद.

रीळवाली

@पाणबुड्या, हे कानाचं माहीत नव्हतं! म्हणजे कान धड राहिले असते तर तो कदाचित कूस्तोच्याच बोटीवर राहिला असता.

एक भर. १९५६च्या त्याच कान महोत्सवात ‘पथेर पांचाली’ला ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ म्हणून गौरवलं होतं. म्हणजे एकाच वर्षी माहितीपटाला सर्वोच्च बक्षीस आणि कथापटाला दस्तऐवजाचं! परीक्षकांची गंमतच. आणि करवून घेतलेलं कुठल्यात जास्त आहे म्हणाल तर मी कूस्तोकडे बोट दाखवीन.

बारा वर्षांनी माल कलकत्त्यात कॅमेरा घेऊन उभा राहिला, त्यावर वेगळा चित्रपटही केला. सत्यजित राय यांच्या बंगालमध्ये. आपल्याकडे तेव्हा मालचा तो सिनेमा म्हणजे दारिद्र्याचं प्रदर्शन म्हणून झोडपला गेला.

तिरपागडा

झोडपला गेला तो उगीच नाही. मालिकेच्या पहिल्याच भागात रस्त्याकडेला मेलेलं जनावर आणि त्यावर तुटून पडलेली गिधाडं, कॅमेरा हलत नाही म्हणजे नाही. सागरगोटा, मला तर तिथे थेट शार्कच आठवले. व्हेलच्या जागी गुरं, एवढाच फरक. मग बोटीवरचं सोडलं कुठे?

सागरगोटा

मुद्दा बिनतोड आहे आणि मला आवडला. गिधाडं मलाही आठवली होती.

पण फरक आहे. ते जनावर त्याने मारलेलं नाही. गिधाडांवर कुणी कुऱ्हाड घेऊन धावत नाही. आणि निवेदनात तो कबूल करतो की आम्हा परक्यांना यात भयनाट्य दिसतं, इथल्या माणसाला हा रोजचा प्रसंग आहे. शार्कच्या प्रसंगात निवेदक खलाशांच्या बाजूने बोलतो, इथे तो स्वतःच्या नजरेवर शंका घेतो. नजर तितकीच लांब खिळते हे मान्य. ती सवय बोटीवरचीच.

अजून एक गोष्ट यात गुंतलेली आहे असं मला वाटतं. जानेवारी १९४४मध्ये, माल अकरा वर्षांचा असताना, फाँतेनब्लोच्या त्याच्या निवासी शाळेत गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, आले आणि लपवलेली ज्यू मुलं आणि मुख्याध्यापक पाद्री यांना घेऊन गेले. पोरं अंगणात उभी राहून बघत होती. यावर सिनेमा करायला त्याला १९८७ साल उजाडलं. ज्याने लहानपणी हे नुसतं उभं राहून बघितलंय, त्याला बघणं म्हणजे काय हा प्रश्न आयुष्यभर छळणार. वीस वर्षांचा असताना बोटीवर त्याच्यापुढे पुन्हा तेच आलं, फक्त या वेळी हातात कॅमेरा होता.

नाखवा

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

कूस्तोच्या बाजूने मात्र एक सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. १९६०मध्ये फ्रान्सचं अणुखातं किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकणार होतं, तेव्हा उभा राहून विरोध करणारा हाच माणूस. डायनामाइट लावणारा माणूस चार-पाच वर्षांत इथे पोचला. बदलला तो एकटा माल नव्हे.

होतकरू_दिग्दर्शक

सगळं वाचून काढलं. एक प्रश्न. मी फिल्म शाळेचे अर्ज भरतोय. मालला बोटीनंतर एकदम कथापट कसा मिळाला? कानचं बक्षीस बघून निर्माते दारात रांग लावून उभे होते का?

सागरगोटा

@होतकरू_दिग्दर्शक, रांग नव्हती. उलट बक्षिसाचं सगळं श्रेय कूस्तोकडे गेलं. लोकांच्या लेखी माल म्हणजे पाण्याखालचा कॅमेरावाला. आणि त्याची स्वतःचीच अडचण होती की आजवर मासे चित्रित केले, नटांशी बोलायचं कसं ते माहीत नाही. म्हणून कानचं बक्षीस मिळवलेला हा मुलगा रॉबेर ब्रेसाँकडे साहाय्यक म्हणून गेला, तुरुंगातून पळणाऱ्या कैद्यावरच्या चित्रपटासाठी. ब्रेसाँ धंदेवाईक नट घेतच नसे, हा त्यातला विनोद. पहिला कथापट केला तेव्हा पंचविशीचा होता, आणि घरच्या साखरेचा पैसा पाठीशी होता हेही विसरू नका.

अर्ज भरा. पोहता येत असेल तर तेही लिहा.

पाणबुड्या

जाता जाता: सिनेमात एक पाणबुडा बुडालेल्या जहाजाची घंटा घासून नाव वाचतो ना, ते थिसलगॉर्म. १९४१मध्ये जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. कूस्तोने जागा सांगितली नाही, आणि नंतर कित्येक वर्षं ते कुणालाच सापडत नव्हतं. १९९०च्या दशकात पुन्हा सापडलं, आणि आता तिथे रोज डायव्हिंगच्या बोटी लागतात. आतल्या मालडब्यात मोटारसायकली अजून रांगेत उभ्या आहेत. फोटो हवे असतील तर वेगळा धागा काढतो.

केवडा

काढाच!